पकड हुकते, त्याच्या आधी काय झालेलं असतं?

(या भागात बोललो ते जवळपास जसंच्या तसं इथे उतरवलं आहे. ज्यांना लोकलच्या गर्दीत ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी.)

बाहेर पाऊस धो धो चालू आहे, त्यामुळे मागे पत्र्याचा आवाज येत असेल तर सांभाळून घ्या. मावळात राहायचं आणि पावसाची तक्रार करायची, असं चालत नाही.

आजचा विषय कबड्डीचा आहे. पण सुरुवात अमेरिकेतून करतो.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. कामशेतच्या पुढे आमचं गाव. सकाळची लोकल पकडायची, आकुर्डीला उतरायचं, पुढे कंपनीची बस. आमच्या प्रोजेक्टचा क्लायंट अमेरिकेत आहे. तिकडे सोमवारची सकाळ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळ, तेव्हा कॉल असतो. तिथला मॅनेजर त्यांच्या फुटबॉलचा वेडा. एका सोमवारी तोंड पाडून बसला होता. म्हटलं काय झालं? तर म्हणाला, ‘आमच्या टीमला रन थांबवताच येत नाही.’ मला वाटलं क्रिकेट! म्हटलं, मग फिल्डिंग सुधारा. पाच सेकंद कोणीच बोललं नाही.

मग त्याने समजावून सांगितलं. त्यांच्या फुटबॉलमध्ये दोन्हीकडे अकरा अकरा माणसं. ज्याच्याकडे चेंडू त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. गेलं, की पुन्हा नवे चार प्रयत्न. पुढे जायचे रस्ते दोन. एक तर चेंडू लांब फेकायचा, नाहीतर तो पोटाशी धरून सरळ माणसांच्या गर्दीतून घुसायचं. या घुसण्याला ते रन म्हणतात. प्रत्येक वेळी चारच यार्ड मिळाले तरी तिसऱ्या प्रयत्नात बारा होतात, म्हणजे काम झालं. एकही मोठा फटका न बसता समोरची टीम चालत चालत तुमच्या घरात येते. बचाव करणारे दमतात, दमले की आणखी चुकतात, आणि शेवटी शेवटी तर अंगावर आलेल्या माणसाला धरायचीही ताकद उरत नाही.

मी विचारलं, थांबवत का नाहीत? माणसं तर तगडी आहेत तुमची. त्यावर तो जे बोलला ते मी त्याच रात्री फोनमध्ये लिहून ठेवलं. त्याचं म्हणणं असं, की समोरच्या माणसांच्या रांगेत फटी असतात. बचावातल्या प्रत्येकाला एकेक फट वाटून दिलेली असते. ती सोडायची नाही, एवढंच काम. पण कोणाला तरी हिरो व्हायचं असतं. तो आपली फट सोडून पकडायला धावतो. पळणारा हुशार असतो, तो नेमका त्या मोकळ्या झालेल्या फटीतून निघून जातो. आणि टीव्हीवर दिसतो तो शेवटी ज्याच्या हातातून निसटला, तो बिचारा.

हे ऐकलं आणि मला आमची यात्रेतली सेमीफायनल आठवली. खरं सांगायचं तर पोटात कालवलं. का, ते पुढे सांगतो.

(जाता जाता, हा अमेरिकन फुटबॉल भारतातही आणायचा प्रयत्न झाला होता. २०१२ च्या सुमारास एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया नावाची लीग निघाली, त्यात ‘पुणे मराठाज’ नावाचा संघसुद्धा होता. रुजलं नाही ते. आपल्याकडे अंगावर येणाऱ्याला धरायचा खेळ आधीच होता ना.)

आता कबड्डी. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी फक्त प्रो कबड्डी बघितली असेल, म्हणून दोन मिनिटं मैदान समजून घेऊ. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब, १० मीटर रुंद. मध्यरेषेपासून एका बाजूला साडेसहा मीटर. दोन्ही कडांना एकेक मीटरचं राखीव क्षेत्र, ज्याला आपण लॉबी म्हणतो. झटापट सुरू होईपर्यंत लॉबी वापरता येत नाही. म्हणजे चढाईपटू आत येतो तेव्हा बचावाला सांभाळायची रुंदी उरली ८ मीटर.

सात जण उभे असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला मीटरभर, थोडं जास्त. चारच उरले की दोन दोन मीटर. दोन मीटर म्हणजे पाहुणे आले की आपण अंथरतो ती सतरंजी. तेवढ्या जागेतून चांगला चढाईपटू झोपेतही निघून जाईल. म्हणून कबड्डीत बचाव एकदा फुटला की फुटतच जातो. एक गेला, फट वाढली, म्हणून दुसरा गेला, आणि बघता बघता लोण.

आता गणित बघा, हे माझं आवडतं. पकड यशस्वी झाली तर गुण किती? एक. समोर सहा-सात जण असू देत नाहीतर चार, पकडीचा गुण एकच. तीन किंवा कमी उरले असताना पकड केली तर एक जास्तीचा मिळतो, ती अव्वल पकड. पण पकड हुकली तर? ज्याला ज्याला हात लागला तो प्रत्येक जण बाद. एकट्या कोपऱ्याने घोटा धरला आणि सुटला, तर नुकसान एकाचं. म्हणजे दोनातली एक पकड जमली तरी बरोबरी. पण तिघं अंगावर पडले आणि चढाईपटूने हात लांबवून मध्यरेषा गाठली, तर तीन गुण गेले. म्हणजे तिघांनी मिळून जायचं असेल तर चारातल्या तीन पकडी जमल्याच पाहिजेत, तेव्हा कुठे बरोबरी होते.

म्हणजे काय? मदतीला जायचं तर वेळेत जायचं. उशिरा आलेली मदत ही न आलेल्या मदतीपेक्षा महाग पडते. हे वाक्य मी आमच्या ऑफिसच्या फळ्यावरही लिहिलं होतं. कोणी पुसलं माहीत नाही.

आता ‘आपली पलटण’. मागच्या भागानंतर एका श्रोत्याने मेसेज केला होता, की दादा, दहाव्या हंगामात पुणेरी पलटणसमोर कोणाची डाळ शिजत नव्हती, मग अकराव्यात काय झालं? प्रश्न चांगला आहे.

दहावा हंगाम आठवा. साखळीत २२ सामने, त्यात फक्त २ हरले. १ मार्च २०२४ ला हैदराबादला हरियाणा स्टीलर्सना २८-२५ असं हरवून पलटण पहिल्यांदा चॅम्पियन. कोच बी. सी. रमेश, कॅप्टन अस्लम इनामदार, आपला नगर जिल्ह्यातला. डाव्या कोपऱ्यात इराणचा मोहम्मदरेझा शादलू, ज्याला लिलावात २ कोटी ३५ लाख मोजले होते. पुढच्या हंगामात शादलू हरियाणाकडे गेला. आणि २९ डिसेंबर २०२४ ला बालेवाडीत, म्हणजे पलटणच्याच अंगणात, हरियाणाने पाटणा पायरेट्सना ३२-२३ ने हरवून कप उचलला. पलटण तोवर प्लेऑफच्या बाहेर.

आता सगळ्यांचं उत्तर तयार असतं. शादलू गेला, बचाव गेला, विषय संपला. सोपं आहे, आणि त्यात तथ्यही आहे. पण अर्धंच. अस्लम त्याच हंगामात जखमी होऊन मध्येच बाहेर पडला, हे विसरू नका. तो चढाईपटू आहे, त्याचा बचावाशी काय संबंध, असं वाटेल. पण कबड्डीत तुमच्या चढाईला गुण मिळाला की तुमचा बाद झालेला माणूस आत येतो. चढाया कोरड्या जायला लागल्या की बाद झालेले कोपरे आणि कव्हर बाकावरच बसून राहतात. मैदानात चार जण, आणि मधे दोन दोन मीटर. मग लोक म्हणतात, बचाव कमजोर आहे.

उलटं उदाहरण पण बघा. त्याच दहाव्या हंगामात तेलुगू टायटन्सनी पवन सेहरावतला २ कोटी ६० लाखांच्या वर देऊन घेतलं. त्याने चढाईत २०० च्या वर गुण आणले. एवढं करून टायटन्स २२ पैकी जिंकले किती? दोन! एका माणसाने पुढून आणायचं आणि बाकीच्यांनी मागून वाटून टाकायचं.

आणि २०१८ ची जकार्ताची एशियन गेम्सची सेमीफायनल? १९९० पासून दर वेळी सोनं आणणारा भारत इराणकडून १८-२७ ने हरला. आपल्याकडे काय चढाईपटू कमी होते? त्या दिवशी इराणच्या बचावात फटच सापडत नव्हती. एक धरायचा, दुसरा त्याच क्षणी तिथे. सगळे एका दोरीने बांधल्यासारखे.

हं. आता आमची यात्रा.

गेल्या वर्षी चैत्रात शेजारच्या गावच्या यात्रेत कबड्डीचे सामने होते. लाल मातीचं मैदान, ट्यूबलाइटचा उजेड, भोंग्यावर कॉमेंट्री, बाजूला भेळेची गाडी. आमचा संघ सेमीफायनलला गेला, बऱ्याच वर्षांनी. मी डावा कव्हर. माझ्या बाजूला डाव्या कोपऱ्यात माझा धाकटा चुलतभाऊ. गावात त्याला सगळे बारक्या म्हणतात, आपणही तेच म्हणू. वय वीस. तळेगावच्या एमआयडीसीत शिफ्टला जातो, आणि रात्रपाळी करून सकाळी मैदानावर येतो. मी ज्या वयात कॉलेजला दांड्या मारत होतो, त्या वयात.

आम्ही ९ गुणांनी हरलो. समोरचा एक चढाईपटू सारखा आमच्या डाव्या कोपऱ्यातून घेऊन जात होता. बारक्या घोट्याला पडायचा, तो सुटून जायचा. लोक ओरडायला लागले, ‘डावा कोपरा बदला!’ भोंग्यावरसुद्धा बोलले.

मी काय केलं? मित्राने पूर्ण मॅच मोबाईलवर शूट केली होती. इंजिनियर ना मी! रात्री बसून एक्सेल काढलं. प्रत्येक चढाई एक ओळ. कोण आलं, कुठे गेलं, कोण बाद झालं. चढाईतून आम्ही २३ गुण दिले, त्यातले ११ डाव्या कोपऱ्यातून. त्या ११ वर पिवळा रंग मारला, स्क्रीनशॉट काढला, आणि संघाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘भावना बाजूला ठेवा. आकडे बोलतात.’

रात्री एकला टाकलं. सकाळी सहाला बारक्या ग्रुपमधून बाहेर पडला होता.

दुसऱ्या दिवशी सरावाला आला नाही. आठवडाभर आला नाही. काकूने माझ्या आईला विचारलं, ‘पोरांचं काही बिनसलंय का? हा बूट माळ्यावर टाकून बसलाय.’ आईने मला विचारलं. मी म्हटलं, काही नाही गं, मॅच हरलो म्हणून.

आमच्याकडे एक तात्या आहेत. साठीच्या पुढचे. त्यांच्या काळात तालुक्याच्या संघातून खेळलेले. गुडघा गेलाय, पण संध्याकाळी मैदानाच्या कडेला बसतात. मी त्यांना माझं एक्सेल दाखवलं. वाटलं, शाबासकी देतील. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, ‘पकड हुकली ते लिहिलंयस. त्याच्या आधीचे दोन पाय कुठे लिहिलेस?’

मी म्हटलं, ‘कोणाचे पाय तात्या?’

‘तुझे,’ म्हणाले.

राग आला मला. पण घरी जाऊन व्हिडिओ पुन्हा लावला. या वेळी चढाईपटूकडे बघायचंच नाही असं ठरवलं. फक्त डाव्या बाजूचे आम्ही. आणि जिथे बारक्या बाद झाला, तिथून तीन सेकंद मागे.

कोपऱ्याचं काम काय असतं? घोटा धरायचा, चढाईपटूला जागेवर अडकवायचा. पण तो सेकंदभरच अडकतो. त्या सेकंदात तो मध्यरेषेकडे वळतो, आणि तेव्हा त्याच्या छातीसमोर कव्हर उभा पाहिजे. कोपरा धरतो आणि कव्हर संपवतो. घोटा एकट्याने धरून ठेवायचा म्हणजे धावत्या बैलाची शेपटी धरण्यासारखं आहे.

त्या ११ पैकी ७ वेळा मी तिथे उशिरा पोचलो. ३ वेळा पोचलोच नाही, कारण मी आधीच पुढे सरकलो होतो. बारक्याची स्वतःची चूक, घाईने पडला अशी, फक्त १.

मी पुढे का सरकत होतो? व्हिडिओत तेही आहे. सामन्याच्या चौथ्या-पाचव्या मिनिटाला मी एका चढाईपटूला डॅश मारून सरळ बाहेर फेकलं होतं. शिट्ट्या वाजल्या, भोंग्यावर माझं नाव घेतलं. त्यानंतर पूर्ण सामना मी तसाच दुसरा डॅश शोधत होतो. शेजारच्याचा हात सोडून, साखळी सोडून, पुढे. फट मी पाडत होतो. त्या फटीतून सुटलेला माणूस बारक्याच्या नावावर लागत होता.

आणि माझं एक्सेल? ते खोटं नव्हतं. अकराचा आकडा अकराच होता. पण मी रकानाच असा पाडला होता, की त्यात माझं नाव येण्याची सोयच नव्हती. शेवटी कोण बाद झालं एवढंच मोजलं. आमच्या कामात सर्व्हर पडला, की ज्याचा शेवटचा कोड गेला त्याच्याकडे सगळे बघतात. खरी चूक तीन आठवड्यांपूर्वी कोणीतरी दुसऱ्यानेच केलेली असते. मीटिंगमध्ये मी हे दहा वेळा बोललोय. आणि घरच्या माणसाच्या बाबतीत मात्र नेमकं तेच केलं.

मी दुसरी शीट बनवली. नवा रकाना, ‘तीन सेकंद आधी’. माझ्या नावासमोर १०. तोच पिवळा रंग. तीही ग्रुपवर टाकली. पण बारक्या ग्रुपवर नव्हताच ना. मग त्याची रात्रपाळी सुटायच्या वेळी तळेगावला कंपनीच्या गेटवर गेलो. फोनवर व्हिडिओ दाखवला. तो बघत राहिला. मग म्हणाला, ‘दादा, मला तेव्हाच माहीत होतं.’

म्हटलं, ‘मग बोलला का नाहीस?’

‘तू मोठा. आणि तू इंजिनियर. तू आकडे टाकल्यावर मी काय बोलणार?’

मंडळी, मला हे वाक्य अजून टोचतं. आकडे बोलतात, असं मी लिहिलं होतं. आकडे बोलले, आणि त्याचं तोंड बंद झालं.

तो लगेच आला नाही. पाऊस संपेपर्यंत आला नाही. गणपतीनंतर एका रविवारी बूट घेऊन मैदानावर दिसला, कोणाशी काही न बोलता कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. तात्यांनी माझ्याकडे बघून फक्त भुवया उडवल्या.

मग आम्ही काय बदललं? तीन साध्या गोष्टी. एक, कोपऱ्याने पाय उचलला की कव्हरने मागे यायचं, पुढे नाही. दोन, कोणी उशिरा राहिला तर त्याने हात लावायचाच नाही, एक गुण जाऊ द्यायचा, तीन नाही. तीन, सरावात गुण मोजायचे, पण पकडीला जेवढे गुण तेवढेच मदतीला. कोणाचं नाव घ्यायचं तर दोघांचं घ्यायचं.

यंदाच्या यात्रेत काय झालं? हरलो! क्वार्टर फायनललाच, ३ गुणांनी. पिक्चर असता तर जिंकलो असतो. पण डाव्या कोपऱ्यातून आम्ही दिले फक्त ४ गुण. आणि पूर्ण सामनाभर एक आवाज माझ्या कानात येत होता, ‘दादा, पाय!’ मी पुढे सरकलो रे सरकलो, की तो ओरडायचा. वीस-एकवीस वर्षांचं पोर मला भर मैदानात ओरडत होतं, आणि मी मागे येत होतो.

त्या क्लायंटवाल्या मॅनेजरला मी हे सगळं सांगितलं. त्याला कबड्डी किती कळली देव जाणे. पण परवा कॉलवर म्हणाला, यंदा मॅच बघताना तो चेंडूकडे बघतच नाही. बाकीच्या दहा जणांकडे बघतो.

तुम्हीही एकदा करून बघा. पुढच्या वेळी पलटणची मॅच लावाल तेव्हा एक तरी चढाई अशी बघा, की चढाईपटूकडे नजर न जाऊ देता फक्त डाव्या कव्हरचे पाय बघायचे. आणि ऑफिसात, घरात, कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये कोणाच्या हातून काही सुटलं, तर स्क्रीनशॉट टाकायच्या आधी तीन सेकंद मागे जाऊन बघा. तिथे कदाचित तुम्हीच उभे असाल.

तुमच्या गावच्या मैदानावरचे असे किस्से असतील तर व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या भागात घेऊ. चला, लाइट जायच्या आधी थांबतो. काळजी घ्या. भेटू पुढच्या रविवारी.